फळ्यावरच्या तीन ओळी

एस.वाय.ला असताना जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मला मत होतं. कांदा का महागला, दिल्लीतलं सरकार किती दिवस टिकेल, दोन हजार साल उजाडलं की सगळे कॉम्प्युटर खरोखर बंद पडतील का, मुलींनी लग्नानंतर नाव बदलावं की नाही, सगळ्याची उत्तरं तयार असायची. अडचण एवढीच, की ती कोणी विचारत नव्हतं. बाबा ऑफिसातून दमून यायचे, आईला माझी मतं पाठ झाली होती आणि धाकटा भाऊ क्रिकेट सोडून दुसऱ्या विषयावर तोंड उघडत नसे.

आम्ही मुंबईबाहेर माणिकपूरला एका चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायचो. बाबा मूळचे संगमेश्वरकडचे. परळच्या एका खोलीतून आम्ही इथे दोन खोल्यांत आलो, तेव्हा आईला वाटलं होतं राजवाडाच मिळाला. इमारतीत निम्मी घरं कोकणातली, निम्मी घाटावरची. जिन्याखाली पत्रपेट्यांच्या शेजारी सोसायटीचा एक काळा फळा होता. त्यावर सेक्रेटरी काका सूचना लिहीत. ते बँकेत होते. त्यांची प्रत्येक सूचना ‘सर्व सभासदांस कळविण्यात येते की’ने सुरू व्हायची आणि नक्की काय कळवायचंय ते कळेपर्यंत फळ्यावरची जागा संपायची. एरवी तिथे ‘सत्यनारायणाच्या पूजेस अगत्य येणे’ हे आमंत्रण पूजा होऊन चार महिने झाले तरी तसंच असे.

एका सकाळी मी ते आमंत्रण पुसलं आणि सातच्या रेडिओवर ऐकलेल्या दोन बातम्या लिहिल्या. खाली तिसरी ओळ माझ्या मताची. खडू कॉलेजातून आणलेला. कोणाला विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बातम्यांच्या शेजारी लाल खडूने दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेले दिसले. तळमजल्यावर एक निवृत्त मास्तर एकटेच राहायचे, हे काम त्यांचं. त्यांनी मला ओरडायचं सोडून शुद्धलेखन तपासलं, याचा अर्थ मी परवानगी असा घेतला आणि रोज लिहायला लागले.

महिन्याभरात फळ्याला वाचक मिळाले. माणसं चप्पल घालता घालता वाचायची. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी राशिभविष्य लिहिण्याची शिफारस केली. भावाने स्कोअरसाठी उजवा कोपरा बळकावला. सेक्रेटरी काका मात्र मान हलवत म्हणायचे की फळा सोसायटीच्या मालकीचा आहे. पण तेही वाचल्याशिवाय स्कूटरला किक मारत नसत.

एकदा फजिती झाली. आईने ऐन बातम्यांच्या वेळी चटणीसाठी मिक्सर लावला आणि मला फक्त ‘कोसळले’ एवढंच नीट ऐकू आलं. दिल्लीत त्या दिवसांत रोजच धाकधूक असायची. मी धावत जाऊन लिहिलं, ‘सरकार कोसळले’. इमारतीतली आठ-दहा माणसं ती बातमी घेऊन मुंबईला गेली. कोसळले होते ते शेअरचे भाव. संध्याकाळी बाबा घरी आले ते बूटही न काढता म्हणाले, “ऑफिसात सगळ्यांच्या आधी मी सांगितलं. मोठ्या रुबाबात सांगितलं.” मग स्वतःच हसत सुटले. मास्तरांनी मात्र मला बोलावून घेतलं आणि हसता हसता एक नियम घालून दिला. फळ्यावर केलेली चूक फळ्यावरच कबूल करायची, तेवढ्याच मोठ्या अक्षरात. मी तसं केलं. उलट त्यानंतर वाचक वाढले.

हे सगळं मजेत चाललं होतं. मग होळीनंतर पाण्याचं सुरू झालं.

तेव्हा आमच्या भागातल्या बहुतेक इमारतींना नळाचं पाणी नव्हतं. टँकर यायचा, खालच्या टाकीत पाणी ओतायचा, तिथून पंपाने ते गच्चीवरच्या टाकीत चढायचं. टँकरचा हॉर्न हा आमच्याकडचा सगळ्यात मंगल ध्वनी होता. हे पाणी येतं कुठून, याचा विचार निदान मी तरी कधी केला नव्हता. त्या मार्चमध्ये आसपासच्या गावांतल्या लोकांनी टँकर अडवले. आमच्याकडे दोन दिवस थेंब आला नाही. आईने भांडी राखेने घासून कागदाने पुसली. भाऊ आंघोळ नाही म्हणून खूष. मी मात्र संतापले. तिसऱ्या दिवशी फळ्यावर बातमी एकच, बाकी सगळं मत. मी लिहिलं, ‘पाणी हे सर्वांचे आहे. ते अडवून धरणारे गावकरी स्वार्थी आहेत. शासनाने पोलीस बंदोबस्तात टँकर सोडावेत.’

पहिल्यांदाच सेक्रेटरी काकांनी माझी पाठ थोपटली. मजकूर पुसू नका असं त्यांनी वॉचमनला बजावलं. रविवारी संध्याकाळी गच्चीवर मीटिंग ठरली. तहसीलदारांकडे अर्ज द्यायचा, त्यात माझीच वाक्यं घ्यायची, आणि अक्षर बरं म्हणून पक्की प्रतही मीच लिहायची. मला आकाश ठेंगणं झालं.

गुरुवारी दुपारी माझी कॉलेजातली मैत्रीण अर्थशास्त्राच्या नोट्स घ्यायला आली. ती उमेळ्याची, म्हणजे जवळच्याच एका गावची. वर्गात आम्ही दोन वर्षं एकाच बाकावर बसत होतो. तिच्या डब्यातल्या तांदळाच्या भाकरीचा निम्मा वाटा माझा आणि माझ्या डब्यातल्या पोळीचा निम्मा तिचा, असा आमचा करार होता. तरीही तिचं घर मी पाहिलं नव्हतं. ती नोट्स घेऊन उतरली तेव्हा मी सोबत खालपर्यंत गेले. ती फळ्यापुढे थांबली. तीन ओळी वाचायला लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ थांबली. ‘गावकरी’ या शब्दात ती बसते, हे त्या क्षणापर्यंत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी काहीतरी पुटपुटले. ती भांडली असती तर बरं झालं असतं, वादात मी कधी हरत नसे.

ती म्हणाली, “रविवारी आमच्याकडे ये. जेवायलाच ये.”

रविवारी रिक्षाने उमेळ्याला उतरले तेव्हा ती रस्त्यावर येऊन उभी होती. मध्ये दोन नव्या इमारतींचे खांब वर चाललेले, त्यांच्या मागे केळी, आणि केळींच्या मागे तिचं कौलारू घर. वाडीत वांग्यांचे वाफे होते आणि मोगऱ्याच्या रांगा. मोगरा फुलायचा हंगाम, पण रांगांतली बरीच झाडं कडेने करपल्यासारखी पिवळी पडली होती. तिचे वडील कुदळ ठेवून पुढे आले. ते कमी बोलणारे गृहस्थ. मी नमस्कार केला, त्यांनी बाजेवर बसायला सांगितलं आणि स्वतः विहिरीकडे गेले. पोहऱ्याने पाणी काढलं, तांब्या भरला आणि माझ्यापुढे धरला.

मी उन्हातून आलेली, तहान लागलेली. मोठा घोट घेतला आणि तो गिळता येईना. खारट आणि कडवट, मधलंच काहीतरी. थुंकायची लाज वाटली म्हणून कसाबसा गिळला.

ते म्हणाले, “आमच्याकडे पाहुन्याला असं पानी कोनी देत नाय, बाय. पन तू लिवतेस ना, म्हनून दिलं.”

आवाजात राग नव्हता. तेच मला जास्त लागलं. मैत्रिणीच्या आईने लगेच आतून दुसऱ्या कळशीतलं गोड पाणी आणून दिलं आणि नवऱ्याला आपल्या बोलीत दोन शब्द सुनावले, पोरीला असं कोणी करतं का म्हणून. ते गोड पाणी ती रोज सकाळी रस्त्यापलीकडच्या नातेवाइकांच्या विहिरीवरून, दोन खेपा करून डोक्यावरून आणत होती.

मग वडिलांनी मला वाडीभर फिरवलं. शेजारच्या एका जागेत एकाने विहीर खूप खोल करून मोठा पंप बसवला होता. दिवसभर टँकर तिथेच भरायचे. तो जसजसा उपसा वाढला तसतशी आसपासच्या उथळ विहिरींची पातळी खाली गेली आणि खाडीचं खारं पाणी जमिनीतून आत शिरलं. मागच्या वर्षापर्यंत त्यांची विहीर मेपर्यंत गोड असायची. यंदा होळीलाच मचूळ झाली. ते पाणी घातलं की मोगरा करपतो, न घातलं तर वाळतो. हे सांगताना ते एखाद्या आजारी माणसाबद्दल बोलावं तसे त्या झाडांबद्दल बोलत होते. टँकर अडवायला तेही गेले होते. पहिल्या दिवशी पुढे उभं राहायची भीती वाटली, हेही त्यांनी सांगितलं.

मी विचारलं, “मग माझ्यावर रागावला नाहीत?”

ते म्हणाले, “तुला ठावकंच नव्हतं तर राग कसला?”

जेवायला वालाची भाजी, सुकट आणि भाकरी होती. भरपूर जेवले. निघताना मी विहिरीचं पाणी मागितलं. मैत्रीण हसली, पण तिने पाच लिटरचा कॅन भरून दिला. रिक्षात तो मांडीवर घेऊन बसले आणि आता काय करायचं याचा विचार करत माणिकपूरला आले.

घरी मी सगळं एका दमात सांगितलं. बाबांनी चमचाभर पाणी जिभेवर घेतलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले की हे वाईटच आहे, पण आपण तरी काय करणार, आपल्यालाही पाणी लागतंच. त्यांचं खोटं नव्हतं. मी रडकुंडीला आले. तासाभराने मीटिंग होती आणि अर्जाची पक्की प्रत माझ्या वहीत तयार होती.  आईने कॅन उचलला आणि ओट्याखाली ठेवला.

गच्चीवर चटया अंथरल्या होत्या. वीस-बावीस माणसं आली, म्हणजे पूजेपेक्षा जास्त. सेक्रेटरी काकांनी अर्ज वाचायला सांगितला. मी उभी राहिले आणि म्हणाले की मी तो वाचणार नाही, कारण मी लिहिलेलं चूक आहे. मग उमेळ्यात पाहिलेलं सांगायला लागले, पण वाक्यं एकात एक अडकत होती. कोणी म्हणालं मुलगी भावनाप्रधान आहे. कोणी म्हणालं मैत्रिणीच्या घरी जेवून आली, आता मीठ खाल्लंय त्यांचं. ते खरंच होतं. मी खाली बसले.

तेवढ्यात आई ट्रे घेऊन वर आली. आमच्या इमारतीत मीटिंगचा चहा पाळीपाळीने असायचा आणि त्या दिवशी पाळी आमची नव्हती. तरी तिने सगळ्यांना कप दिले. पहिला घोट सेक्रेटरी काकांनी घेतला. त्यांचा चेहरा मी अजून विसरले नाही. चहावर दूध फाटल्यासारखे तुकडे तरंगत होते. एकेक करून सगळे कपाकडे बघायला लागले.

“वहिनी, काय प्रकार आहे हा?” काका म्हणाले.

आई त्या गच्चीवर आठ वर्षांत कधी बोलली नव्हती. मीटिंगला येऊन मागे बसायची आणि निवडायला आणलेली मेथी निवडायची. ती म्हणाली, “उमेळ्याच्या विहिरीचं पाणी आहे. तिथे ह्याच्यात डाळ शिजत नाही. तुम्हाला अर्ज करायचा तर जरूर करा, पण आधी कप रिकामे करा.”

 मग मास्तरांनी आपला कप उचलला आणि औषध घ्यावं तसा शेवटपर्यंत प्यायले. त्यांच्यामागून बाबा प्यायले. बाबांनी आईकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यात धाक आणि कौतुक सारखंच होतं.

पुढचं जे झालं ते कोणी ठरवून केलं नाही. त्या शांततेत सगळ्यांना एक आवाज ऐकू आला. गच्चीवरची टाकी भरून वाहत होती. चार-पाच दिवसांच्या खंडानंतर आदल्या रात्री टँकर सुटले होते, वॉचमनने पंप लावला होता आणि आम्हाला चटया देता देता तो बंद करायला विसरला होता. पाणी पाइपातून बदाबदा खाली गटारात पडत होतं, आणि आम्ही वीसजण तिथेच बसून पाणीटंचाईवर अर्ज करत होतो. भाऊ पंप बंद करायला धावला. कोणीतरी हळूच म्हणालं, हे तर रोजच होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी कबूल केलं की त्यांचा फ्लश वर्षभर गळतोय. एका काकांनी स्कूटर पाइपने धुतो हे सांगितलं, कोणी विचारलं नसताना. नंतर सगळेच हसायला लागले, अगदी सेक्रेटरी काकाही, पण जरा उशिरा.

त्या दिवशी अर्ज गेला नाही. दोन गोष्टी ठरल्या. गच्चीवरच्या टाकीला, ती भरली की पाणी आपोआप थांबवणारा बॉल कॉक बसवायचा आणि आठवड्यात दोन टँकर कमी मागवायचे. एका काकांनी विचारलं की दोन टँकरने काय खाडी मागे हटणार आहे का? मास्तर म्हणाले की नाही, पण सुरुवात करायला आपल्याकडे दोनच आहेत.

सोमवारी सकाळी फळ्यावर रेडिओची बातमी लिहिली नाही. ‘गावकरी स्वार्थी आहेत हे मी विहीर न पाहता लिहिले. ते चूक होते,’ एवढंच लिहिलं.  एका सरकारला पाडून मग उभं करणं त्या मानाने फार सोपं गेलं होतं. लाल खडूने त्या दिवशी काही सुधारलेलं नव्हतं.

मला सगळ्यात मोठं आश्चर्य वाटलं ते सेक्रेटरी काकांचं. पुढच्या रविवारी ते मास्तरांना स्कूटरवर मागे बसवून उमेळ्याला गेले. जाताना चेहरा तपासणीला निघाल्यासारखा होता. परत आले ते मोगऱ्याची पुडी घेऊन. मग त्यांनी बसून एक नवा अर्ज लिहिला. उपशाला वेळ ठरवून द्यावी, आणि इमारतींसाठी नळाच्या पाण्याची सोय लवकर करावी, म्हणजे गावांच्या विहिरींवर भार पडणार नाही, असा. त्यांची ती लांबलचक सरकारी मराठी तिथे अशी काही शोभली की बस. खाली आमच्या इमारतीच्या सह्या आणि मैत्रिणीच्या गावातल्या सह्या शेजारी शेजारी. तिच्या वडिलांनी सही करताना पेन तीनदा झटकलं. पक्की प्रत मीच लिहिली आणि या वेळी प्रत्येक ओळ समजून लिहिली.

लगेच काही जादू झाली नाही. महिन्याभराने एक अधिकारी येऊन विहिरी बघून गेले. त्या मोठ्या पंपाला सकाळचे ठरावीक तास मिळाले. ते पाळले जातात की नाही यावर गावातली माणसं लक्ष ठेवू लागली आणि बरेचदा पाळले गेले. दोन पावसाळ्यांनंतर मैत्रिणीच्या विहिरीचं पाणी मार्चपर्यंत गोड राहू लागलं. पूर्वीसारखं मेपर्यंत नाही. मोगऱ्याच्या चार रांगा गेल्या त्या गेल्याच, तिथे वडिलांनी दुसरं काही लावलं. आमच्याकडे नळाचं पाणी यायला आणखी काही वर्षं जावी लागली.

परीक्षेत अर्थशास्त्राच्या पेपरला साधनसंपत्तीवर प्रश्न आला. मी पुस्तक सोडून विहिरीवर दोन पानं लिहिली आणि जेमतेम पास झाले. मैत्रिणीने पुस्तकातलं मुद्देसूद उत्तर लिहिलं आणि वर्गात दुसरी आली. ती म्हणाली की विहीर तिला रोज बघायला मिळते, पेपरात कशाला लिहायची.

टी.वाय.ला गेल्यावर मी तिला म्हटलं की आठवड्यातून एक दिवस फळा तू लिही. ती आधी नको म्हणाली, मग शनिवार घेतला. तिने देशाच्या बातम्या लिहिल्याच नाहीत. वांगी आज कशी आहेत, कोणाच्या म्हशीला रेडकू झालं, वटार गावी मामाकडे केळी तयार आहेत, कोणाला हवी असल्यास सांगावे. पहिल्या शनिवारी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी वांगी मागवली. दुसऱ्या शनिवारी चार घरांनी. तिसऱ्या शनिवारी सेक्रेटरी काका फळ्यासमोर उभे राहून रेडकाची चौकशी करत होते, आणि उजव्या कोपऱ्यातला स्कोअरही कोणी बघत नव्हतं.

मला दोन आठवडे मनातून तिचा हेवा वाटला. मग एका शनिवारी ती पिशवी घेऊन जिन्यात बसली होती, भोवती बायका जमल्या होत्या आणि आई मधोमध उभी राहून वांग्यांचे वाटे पाडत होती. मी वर जाऊन ताट आणलं आणि आमच्या वाट्याची वांगी त्यात घेतली.